थकवा म्हणजे स्वभाव नव्हे : थायरॉइडची तपासणी कधी, कशी आणि कशासाठी

 

गेल्या काही भागांपासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. कधी नागपूरहून, कधी इंदूरहून, कधी बेळगावहून. "सकाळी उठल्यापासून अंगात त्राण नसतं. उगाच जीव घाबरतो. हे वयाचं आहे, की टेन्शनचं, की डॉक्टरांना दाखवावं?" मी डॉक्टर नाही, निवृत्त फौजी आहे. तरीही यावर बोलायचं ठरवलं, कारण हाच प्रश्न माझ्या घरात दोन वर्षं होता आणि त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं होतं.

दोन वर्षांची चूक

माझ्या पत्नीचं वय तेव्हा अठ्ठावन्न. नोकरीतल्या प्रत्येक बदलीला ट्रंका तिनेच भरल्या आणि तिनेच उघडल्या. अशी बाई अभनपूरला स्थिर झाल्यावर हळूहळू मंदावली. आधी दुपारी आडवी व्हायची, मग सकाळी उठणंही जड जाऊ लागलं. कोणी पाहुणे आले की आत जाऊन बसायची. मुलाचा फोन दहा मिनिटं उशिरा आला तर छातीवर हात ठेवून बसून राहायची. बोलता बोलता साधा शब्द आठवायचा नाही.

मी काय केलं? भाषण दिलं. "पहाटे पाचला उठ, राजिमच्या रस्त्याला चार किलोमीटर चाल, मन ताळ्यावर येईल." ती बिचारी यायची आणि अर्ध्या वाटेत दगडावर बसायची. मी म्हणायचो, "मनावर घेतलंस तर सगळं होईल." एकदा ती म्हणाली, "अहो, मनावर घेतेय हो. अंगच साथ देत नाही." ते वाक्य मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

खुणा डोळ्यांसमोर होत्या. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, आणि ही पंखा कमी करा म्हणायची. त्वचा कोरडी, टाचांना भेगा, केस गळत होते, पोट साफ होत नव्हतं, आवाज जाडसर झाला होता. जेवण कमी होऊनही वजन सहा किलोंनी वाढलं होतं. मी प्रत्येक गोष्टीला वेगळं कारण शोधलं. केसांना पाणी, टाचांना चपला, वजनाला आराम, आणि घाबरण्याला रिकामं डोकं. सगळ्यांचं कारण एकच असू शकेल हे सुचलं नाही.

ते सुचवलं आमच्या बाजारातल्या भाजीवालीने. वांगी तोलता तोलता तिने विचारलं, "ताईंचा चेहरा सुजलाय का?" रोज बघणाऱ्या मला जे दिसलं नाही ते तिला दिसलं. दुसऱ्या दिवशी आम्ही रायपूरला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाडी मोजली, ५४ भरली. टाचेच्या वरच्या शिरेवर छोटी हातोडी मारली. पाऊल हललं, पण जागेवर परत यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मग रक्त तपासलं. टीएसएच ३८, फ्री टी-४ कमी, आणि टीपीओ प्रतिपिंडं खूप वाढलेली. थायरॉइड ग्रंथी मंदावली होती.

ही ग्रंथी करते काय

गळ्याच्या पुढच्या भागात, कंठाच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. वजन जेमतेम १५ ते २० ग्रॅम. जेवणातल्या आयोडीनपासून ती टी-४ आणि टी-३ ही संप्रेरकं तयार करते. शरीराची प्रत्येक पेशी कोणत्या वेगाने काम करणार, हे ही संप्रेरकं ठरवतात. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, शरीराची ऊब, त्वचा, स्नायू आणि मेंदूसुद्धा त्यात आले.

आता टीएसएच म्हणजे काय? ते थायरॉइडचं संप्रेरक नव्हे. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, तिथून ते निघतं. आपल्या भाषेत पिट्युटरी म्हणजे हेडक्वार्टर आणि थायरॉइड म्हणजे पुढची चौकी. चौकीकडून माल कमी येऊ लागला की हेडक्वार्टर निरोपावर निरोप धाडतं. म्हणून थायरॉइड मंद असेल तर टीएसएच वाढतं, आणि थायरॉइड बेफाम असेल तर टीएसएच जवळजवळ शून्यावर येतं. पुष्कळ लोक इथेच फसतात. "टीएसएच वाढलं म्हणजे थायरॉइड वाढला" असं समजतात. अर्थ नेमका उलटा आहे.

दुसरी गोष्ट. टी-४ किंचित घसरलं तरी टीएसएच कित्येक पटींनी चढतं. म्हणून बिघाड सर्वांत आधी टीएसएचमध्ये दिसतो, आणि डॉक्टर पहिली चाचणी तीच लिहून देतात.

मनाचा आजार, की ग्रंथीचा

थायरॉइड मंदावल्याने मन बिघडतं हे वैद्यकाला जुनं ठाऊक आहे. १९४९ मध्ये लंडनच्या रिचर्ड ॲशर या डॉक्टरांनी १४ रुग्णांची हकिगत छापली. हे रुग्ण मानसिक आजाराचे म्हणून ओळखले जात होते, मुळात त्यांची थायरॉइड बंद पडत आली होती. उपचारानंतर त्यातले बहुतेक सुधारले. त्याच्याही आधी, १८९१ मध्ये, इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी अशा एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला होता. ती पुढे २८ वर्षं जगली.

उलट बाजूही बघा. थायरॉइड बेफाम झाली तर घबराट अधिक ठळक असते. छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडणं, घाम, वारंवार शौच, भूक असूनही वजन उतरणं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश मे १९९१ मध्ये धावायला गेले असताना त्यांचे हृदयाचे ठोके अनियमित झाले. आखाती युद्ध नुकतंच संपलं होतं, ताण म्हणून सोडून देणं सोपं होतं. तपासणीत ग्रेव्हज डिसीज निघाला, म्हणजे थायरॉइड अतिवेगाने चालवणारा आजार. त्यांच्या पत्नी बार्बरा यांना तोच आजार आधी झालेला होता. वयस्कर माणसांत तर घाम-कंप काहीच दिसत नाही, नुसता थकवा, उतरलेलं वजन आणि अनियमित नाडी एवढंच दिसू शकतं.

तपासणी कोणी करावी

आपल्या देशात हा आजार किती आहे? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांतल्या ५,३७६ प्रौढांचं रक्त तपासलं होतं. सुमारे ११ टक्के लोकांत थायरॉइड मंद निघाली. बायकांत हे प्रमाण जवळजवळ १६ टक्के, पुरुषांत ५ टक्के. आणि शंभरांपैकी तीन-चार जणांना तपासणी होईपर्यंत काहीच कल्पना नव्हती. समुद्रापासून दूरच्या शहरांत प्रमाण किनाऱ्यापेक्षा थोडं जास्तच आढळलं.

थकवा किंवा घबराट काही आठवडे टिकली आणि सोबत मी सांगितलेल्यापैकी एखाददुसरी खूण असेल, तर डॉक्टरांना थायरॉइडबद्दल स्वतःहून विचारा. आई, बहीण, मावशी यांना हा आजार असेल, बाळंतपण होऊन वर्ष झालं नसेल, मधुमेहाचा पहिला प्रकार असेल, किंवा अमिओडेरोन, लिथियम अशी औषधं चालू असतील तर नक्की विचारा. गरोदर बाईने पहिल्याच भेटीत विचारावं, कारण सुरुवातीच्या महिन्यांत बाळ आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असतं.

मात्र एकट्या थायरॉइडवर थांबू नका. थकव्याची कारणं अनेक. हिमोग्लोबिन, साखर, बी-१२, मूत्रपिंड आणि यकृत यांचीही तपासणी त्याच रक्तात होऊ शकते. आमच्या छत्तीसगडात आणि विदर्भात सिकलसेलही विसरू नये. घोरणाऱ्याने झोपेतल्या श्वासाबद्दल सांगावं. आणि सगळं रक्त ठीक आलं तर "काही नाही" असं म्हणून घरी येऊ नका. उदासी आणि चिंता हेही खरेच आजार आहेत. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक त्यासाठी आहे. फोन करायला कमीपणा वाटू देऊ नका.

रक्त देताना

शक्यतो सकाळी द्या, आणि पुढच्या वेळीही त्याच सुमारास. टीएसएच रात्री वर जातं आणि दुपारी उतरतं, त्यामुळे वेळ बदलली की आकडाही थोडा बदलतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर निदान दोन दिवस आधी बंद ठेवा, त्यांनी काही यंत्रांचे आकडे चुकतात. मोठ्या तापात किंवा इस्पितळात भरती असताना केलेली तपासणी दिशाभूल करू शकते. छत्तीसगडात सरकारी हमर लॅब आहेत, तिथे आधी चौकशी करा. खासगीत महागड्या पॅकेजची गरज नसते. सुरुवातीला टीएसएच पुष्कळदा पुरेसं ठरतं. ते बिघडलेलं आलं की फ्री टी-४, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर टीपीओ.

आकडा आणि माणूस

आता माझी गंमत सांगतो. पत्नीचं निदान झाल्यावर मीही हौसेने तपासून घेतलं. टीएसएच ६.२. रिपोर्टवर नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४.५ छापलेली असते. मला वाटलं, आता आपलीही गोळी सुरू. डॉक्टरांनी फ्री टी-४ बघितलं, ते व्यवस्थित होतं. म्हणाले, "तीन महिन्यांनी परत बघू." तीन महिन्यांनी ४.१ आलं, औषधाविना.

यामागे कारण आहे. वय वाढतं तसं टीएसएच थोडं वर सरकतंच. २०१७ मध्ये युरोपातला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. ६५ वर्षांवरचे ७३७ लोक होते, टीएसएच किंचित वाढलेलं आणि टी-४ नीट. निम्म्यांना खरी गोळी दिली, निम्म्यांना खोटी. वर्षभराने थकव्यात काही फरक आढळला नाही. टीएसएच १० च्या पुढे असेल, किंवा टी-४ सुद्धा घसरलं असेल, तेव्हा गोष्ट वेगळी. तेव्हा उपचार टाळू नये.

म्हणून शेजारणीची गोळी घेऊ नका. विनाकारण किंवा जास्त मात्रेत ती हृदयाचे ठोके बिघडवते, हाडं ठिसूळ करते आणि घबराट वाढवते, म्हणजे ज्यासाठी घेतली तेच.

गोळी घेताना

डॉक्टरांनी लेव्होथायरॉक्सिन दिलं तर पहाटे उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्या. चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीची पातळ औषधं चार तास दूर ठेवा, नाहीतर गोळी पोटात शोषलीच जात नाही. हृदयरोग असेल तर आधी सांगा, मात्रा अगदी कमी सुरू करतात. मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी रक्त परत तपासायचं. त्याआधी तपासून उपयोग नाही, कारण औषध अंगात हळूहळू स्थिरावतं. बरं वाटलं म्हणून गोळी बंद करायची नाही. आमच्याकडे ५० मायक्रोग्रॅमने सुरुवात झाली आणि शेवटी १०० वर बसली.

आणि मीठ. सध्या सैंधव मिठाची हवा आहे. सणावाराला खा, रोजच्या स्वयंपाकात मात्र आयोडीनचंच मीठ असू द्या. ते झाकणाच्या डब्यात, चुलीपासून दूर ठेवा. मात्र ज्यांची थायरॉइड आधीच मंदावली आहे, त्यांनी आयोडीनची वेगळी गोळी किंवा थेंब आपल्या मनाने घेऊ नयेत. ज्यादा आयोडीननेही ग्रंथी बिघडते.

शेवटी

पत्नीला तीन आठवड्यांत चेहऱ्यात फरक दिसला, अंगात जोर यायला तीन-चार महिने लागले. घबराट बरीच गेली, सगळी नाही. उरलेल्यासाठी ती काही महिने समुपदेशकाकडे गेली. दोन वर्षांत तिने मनाशी जे धरलं होतं, की "मी आळशी झाले, मी कुणाच्या उपयोगाची नाही," ते गोळीने जाणारं नव्हतं. त्यातलं निम्मं माझ्या भाषणांनी घातलं होतं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "रिपोर्ट आला नसता तर मागितली असती का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फौजेत कुणी जवान मागे पडू लागला तर शिक्षा करण्याआधी त्याला मेडिकलला पाठवतात. घरातल्या माणसाला आपण तेवढीही संधी देत नाही. तुमच्या घरी कुणी मंदावलं असेल, कुणी उगाच घाबरत असेल, तर त्याचा स्वभाव ठरवण्याआधी एकदा रक्त तपासा.

पुढच्या भागात रक्तदाब घरी मोजण्याबद्दल बोलू. जय हिंद.