अखलाक एका दिवसात घडत नाही

घरात मुलीच्या रिश्त्याची बोलणी सुरू झाली की मुलाचे शिक्षण, नोकरी, घर, शेती यांची चौकशी चार दिवसांत पूर्ण होते. मग एखादे वडीलधारे माणूस विचारते, "आणि अखलाक?" उत्तर ठरलेले असते, "मुलगा फार शरीफ आहे." म्हणजे नेमका कसा, हे कोणी खोदून विचारत नाही. व्यसन नाही, मोठ्यांना सलाम करतो, जुम्याला मशिदीत दिसतो, एवढ्यावर आपले समाधान होते. लग्नानंतर मात्र मुलीला दिवसरात्र याच न विचारलेल्या गोष्टीबरोबर राहायचे असते. म्हणून चांगले अखलाक कशाला म्हणावे, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

अखलाक हे 'खुल्क' या अरबी शब्दाचे अनेकवचन आहे. 'खल्क' म्हणजे माणसाची बाहेरची घडण आणि 'खुल्क' म्हणजे आतली. इमाम गझाली (रह.) यांचे निधन ११११ साली झाले. 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात त्यांनी खुल्कची जी व्याख्या केली, तिचा आशय असा : मनात इतकी पक्की रुजलेली अवस्था, की तिच्यातून कृती सहज घडावी, दर वेळी विचार करून मनाला ओढावे लागू नये. एखाद्याने प्रसंगाने एकदा मोठी रक्कम दिली, म्हणून तो उदार ठरत नाही. देणे हा ज्याचा स्वभाव झाला, तो उदार.

मग ज्याचा स्वभाव तसा नाही, त्याने काय करावे? इमाम साहेबांनी येथे सुलेखनाचा दाखला दिला आहे. सुंदर अक्षर हवे असेल, तर आधी उस्तादाचे अक्षर प्रयत्नपूर्वक गिरवावे लागते. गिरवता गिरवता हात वळतो आणि एके दिवशी तेच अक्षर आपले होते. तख्तीवर अलिफ-बे गिरवलेल्या पिढीला हे वेगळे सांगायला नको. त्यांच्याही चौदा-पंधराशे वर्षे आधी ग्रीसच्या ॲरिस्टॉटलने हेच मांडले होते, की न्यायाची कामे करत राहूनच माणूस न्यायी होतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही थोडे का असेना, पण सातत्याने केलेले काम अल्लाहला अधिक प्रिय असल्याचे शिकवले आहे.

वऱ्हाडातला झाडू

याचे जिवंत उदाहरण आपल्या मातीत होऊन गेले. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच गाडगेबाबा, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात जन्मले. वडील लवकर वारले आणि आईने त्यांना मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी आणले. तेथे मामाकडे गुरे राखत, शेती करत ते वाढले. शाळा त्यांना मिळाली नाही. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, एका हातात गाडगे आणि दुसऱ्या हातात झाडू.

गावात पोहोचले की आधी रस्ता झाडायचा आणि संध्याकाळी कीर्तन करायचे. फुकटची भाकरी ते घेत नसत, आधी काम करून देत. १९५६ साली वलगावजवळ त्यांचे निधन झाले, तोपर्यंत पन्नास वर्षे हे चालले. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पण त्यांच्या थोरवीचे मर्म आम्हाला त्या झाडूत दिसते. पहिल्या गावी झाडू धरताना कदाचित मनाला समजवावे लागले असेल. हजाराव्या गावी तो हाताचाच भाग झाला. गझालींनी ज्याला खुल्क म्हटले, ते हेच.

दुसरी गोष्ट अमानतीची. लोकांनी विश्वासाने दिलेल्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, पण त्यांचा लाभ स्वतःच्या कुटुंबाला मिळू दिला नाही.

एक प्रश्न मात्र कुटुंबवत्सल वाचकाच्या मनात येईल आणि तो रास्त आहे. बाबांनी बायको-मुले मागे सोडली. आपल्याला ती वाट नाही. प्रेषितांच्या (स.) शिकवणुकीत घरच्यांशी उत्तम वागणारा माणूस उत्तम मानला आहे. म्हणून आपण त्यांच्याकडून घर सोडणे नव्हे, झाडू धरणे शिकावे.

मधली वाट

गझाली सांगतात, सद्गुण दोन टोकांच्या मध्ये असतो. कंजूषी आणि उधळपट्टी यांच्या मध्ये उदारता, भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्या मध्ये शौर्य. आपल्याकडे वलीम्याला हजार माणसे जेवू घालण्यासाठी कर्ज काढणाऱ्याला दिलदार म्हणतात. या कसोटीवर तो उदार नव्हे, उधळ्या ठरतो, कारण ते कर्ज पुढे त्याच्या मुलांच्या ताटातून फिटते. गाडगेबाबाही कीर्तनांतून कर्ज काढून सण-समारंभ करू नका, असे बजावत. स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण न देता गोड जेवण दिले. लोक नाराज झाले, तरी ते बधले नाहीत. शौर्य दर वेळी रणांगणावरच लागते असे नाही.

घरची तख्ती

शाळेत मूल प्रामाणिकपणावर छान निबंध लिहिते, हा आमचा रोजचा अनुभव. पण निबंधाने हात वळत नाही. गझालींच्या मते मूल ही आई-वडिलांकडे सोपवलेली अमानत आहे आणि त्याच्या कोऱ्या मनावर जे उमटवाल ते उमटते. म्हणून रोज गिरवण्यासारखी छोटी कामे त्याला द्यावीत. जेवल्यावर स्वतःचे ताट उचलणे, सदक्याचे पैसे स्वतःच्या हाताने देणे, दुकानदाराने चुकून जास्त दिलेले सुटे परत करणे. मुलगी करते ते मुलानेही करावे. आणि अब्बा दारात उभे असताना "घरी नाहीत म्हणून सांग," असे मुलाला कधीच सांगू नये. त्या एका वाक्याने महिन्याची तख्ती पुसली जाते.

मुलांइतकेच हे आपल्यालाही लागू आहे. चाळिशीतला राग वळत नाही, असे म्हणणे सोपे आहे. गझालींनी या समजुतीला उत्तर दिले आहे. स्वभाव बदलणारच नसता, तर उपदेश आणि तर्बियत यांना काही अर्थच उरला नसता. जनावरसुद्धा शिकवल्याने माणसाळते.

पुढच्या वेळी रिश्त्याची बोलणी निघतील, तेव्हा थोडे वेगळे प्रश्न विचारा. किराणा दुकानात त्याची उधारी वेळेवर फिटते का? जेवायला उशीर झाला तर आईशी कसा बोलतो? लहान बहिणीला त्याची भीती वाटते की आधार? ऑटोवाल्याशी, हाताखालच्या माणसाशी कसा वागतो? हेच प्रश्न मुलीकडच्यांनाही विचारले जावेत. उत्तरे आत्या-मामांकडून नव्हे, दुकानदार, शेजारी आणि सोबत काम करणाऱ्यांकडून घ्या. ज्यांच्यासमोर छाप पाडण्याची गरज माणसाला वाटत नाही, त्यांनाच त्याचे खरे अखलाक ठाऊक असतात.