ठेवणीतली विमानं

परवा टीव्हीवर पुन्हा एकदा ‘बॉर्डर’ लागला होता. आमच्या दुधनीतल्या घरात हा सिनेमा सगळ्यांना पाठ. तरी शेवटी विमानं आली की सासूबाई हातातल्या तुरी निवडायच्या थांबतात. यंदा मात्र घरात वेगळंच वारं होतं. बारावीतल्या लेकीला एनडीएचा अर्ज भरायचाय, तोही हवाई दलासाठी. सासूबाईंचं एकच पालुपद, ‘‘पोरीच्या जातीला विमान कशाला गं, यव्वा?’’

लेक म्हणाली, ‘‘आजी, ही विमानं मुळात लढाईला ठेवलेलीच नव्हती, ठाऊक आहे?’’ मलाही ते नवीनच होतं.

गोष्ट डिसेंबर 1971 ची. 4 तारखेच्या रात्री लोंगेवालाच्या ठाण्यावर रणगाडे चालून आले. ठाण्यात जेमतेम 120 जवान. मदतीला जैसलमेरची चार हंटर विमानं, पण त्यांना अंधारात हल्ला करता येत नव्हता. जवानांनी रात्र काढली, उजाडताच विमानं झेपावली आणि रणगाड्यांचा ताफा वाळूत अडकून पडला.

ही हंटर आली होती जामनगरच्या शस्त्र-प्रशिक्षण केंद्रातून. नव्या वैमानिकांना नेम धरायला शिकवायचं, हे त्यांचं रोजचं काम. युद्ध आलं, शिकवणी थांबली आणि या विमानांना 122 क्रमांकाची स्क्वॉड्रन म्हणून आघाडीवर पाठवलं. शिकवणारे गुरुजीच लढायला निघाले म्हणा ना!

त्या वेळचे हवाई दलप्रमुख पी. सी. लाल हेही असेच ऐन वेळी बोलावलेले. हौसेनं विमान चालवायला शिकलेला हा तरुण 1939 मध्ये महायुद्ध पेटल्यावर स्वयंसेवी राखीव दलातून हवाई दलात आला. तेव्हा अशा राखीव वैमानिकांनी जुनाट विमानं घेऊन मुंबई, मद्रास, कराचीच्या किनाऱ्यांवर गस्त घातली होती.

मी म्हटलं, ‘‘म्हणजे आपल्या ठेवणीतल्या साडीसारखंच की.’’

‘‘नाही आई,’’ लेक म्हणाली, ‘‘ती विमानं रोज उडत होती. म्हणून तर वेळेला कामी आली.’’

मी गप्प झाले. मीही बी.एस्सी. झालेय. ‘वेळ पडली तर उपयोगी येईल’ म्हणून माझी पदवी वीस वर्षं कपाटात ठेवलेली. वेळ काही पडली नाही. आता पडली तरी त्यातलं काय आठवणार?

मुलींना एनडीएचं दार 2022 मध्ये उघडलं. 17 मुलींची पहिली तुकडी मे 2025 मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडली. त्याआधी 2016 मध्येच तीन मुली लढाऊ वैमानिक झाल्या होत्या. म्हणजे वाट आहे. भीती आहे ती माझ्याच पोटात. लढाई म्हणजे सिनेमा नव्हे, हे मला कळतं. त्या रात्री जैसलमेरच्या वैमानिकांच्या आयांना झोप लागली असेल का?

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ट्रंक उघडली. लग्नातली इरकल बाहेर काढली. नेसणं सोडाच, वर्षानुवर्षं उलगडलीही नव्हती. हात लावला तर घडीवर टर्रकन फाटली. बराच वेळ त्या तशाच बसून राहिल्या. मग नातीला हाक मारली, ‘‘त्या अर्जाची शेवटची तारीख कधी आहे गं?’’