सात सेकंदांची शर्यत आणि एका परिचारिकेचें पदार्पण

आमच्या क्रीडांगणावर शंभर मीटरांची धांव चालू असतां प्रेक्षकांस निदान टाळ्या वाजविण्यापुरता तरी अवसर मिळतो. प्रस्तुत लेखांत ज्या शर्यतीचा परिचय आम्ही करून देणार आहोंत, तींत तेवढाहि अवसर नाहीं. दोन मोटारसायकली एका सरळ, सपाट व रुंद पट्ट्यावर शेजारीं शेजारीं उभ्या राहतात, दिवा लागतो, आणि पाव मैलाचें, म्हणजे सुमारें ४०२ मीटरांचें अंतर सात सेकंदांच्या आसपास संपून जातें. वळण नाहीं, चढउतार नाहीं, वाटेंत डावपेंच नाहींत. मग यांत समजून घेण्यासारखें काय आहे, असें वाचकांस वाटणें साहजिक आहे. आरंभीं आमचाहि ग्रह तसाच होता. परंतु या सात सेकंदांच्या मागें किती तयारी, किती नियम आणि किती धीर सांठविलेला असतो हें पाहिल्यावर तो ग्रह आम्हांस सोडून द्यावा लागला. या प्रकारास ड्रॅग रेसिंग असें म्हणतात.

या खेळाचा उगम थोडा लाजिरवाणा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील, विशेषेंकरून कॅलिफोर्नियांतील तरुण जुन्या मोटारींचीं इंजिनें सुधारून रात्रीं सार्वजनिक रस्त्यांवर पैजा लावीत. त्यांत माणसें मरत, आणि पोलीस व नागरिक दोघेहि संतापलेले असत. वॉली पार्क्स या गृहस्थांनीं १९५१ सालीं 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' ही संस्था स्थापन केली, ती या पोरांना रस्त्यावरून उचलून बंदिस्त धांवपट्टीवर आणण्याकरितांच. वेगाची हौस मोडतां येत नाहीं, तिला जागा मात्र देतां येते, असा त्यांचा हिशेब होता. पुढें मोटारींबरोबर मोटारसायकलीहि आल्या, व १९८७ पासून 'प्रो स्टॉक मोटारसायकल' हा वर्ग या संस्थेच्या व्यावसायिक स्पर्धांत गणला जाऊं लागला. मोटारसायकलींच्या ड्रॅग शर्यतींत याला सर्वांत वरच्या पायरीचा मान आहे.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं, ती म्हणजे आरंभ. पूर्वीं निशाण हालवून शर्यत सुरू करीत. १९६३ पासून दोन पट्ट्यांच्या मधोमध दिव्यांचा एक खांब उभा करण्यांत येऊं लागला. त्यावरील रंगीत दिव्यांमुळें लोकांनीं त्याला 'ख्रिसमस ट्री', नाताळचें झाड, असें नांव दिलें, आणि तेंच कायम झालें. स्वार प्रथम मागील चाक पाण्याच्या ओल्या जागेंत आणून जागच्या जागीं गरगर फिरवितो. धुराचे लोट उठतात. पाहणारास ही नुसती ऐट वाटते, पण त्यायोगें रबर तापून चिकट होतें व पट्ट्यास घट्ट धरतें. नंतर स्वार इंच इंच पुढें सरकतो. जमिनीलगत प्रकाशाचे दोन किरण आडवे सोडलेले असतात. पुढील चाकानें पहिला किरण अडविला कीं वरचा लहान दिवा लागतो, दुसरा अडविला कीं त्याखालचा. दोघेहि स्वार असे तयार झाले म्हणजे तीन पिंवळे दिवे एकदम चमकतात आणि त्यानंतर सेकंदाच्या चार दशांशांनीं हिरवा लागतो. हिरव्याच्या आधीं जो निघाला त्याच्या बाजूस तांबडा दिवा लागतो, तो हरला. मग त्याची गाडी कितीहि वेगवान असो.

येथें एक गंमत आहे. जो स्वार हिरवा दिवा दिसण्याची वाट पाहतो तो निश्चित मागें पडतो. डोळ्यानें पाहणें, मेंदूनें ओळखणें, हातानें क्लच सोडणें आणि गाडीनें प्रत्यक्ष हालणें, या सर्वांस मिळून वेळ लागतोच. म्हणून पिंवळा चमकतांच निघावें लागतें, व तेंहि असें कीं आपलें चाक किरणांतून बाहेर पडेल तेव्हां हिरवा नुकताच लागलेला असावा. शिवाय धांवेचें घड्याळ चाक हाललें म्हणजे सुरू होतें, दिवा लागला म्हणजे नव्हे. निघण्यास झालेला उशीर निराळा मोजतात. समजा, एक स्वार हिरव्यानंतर पांच शतांश सेकंदांनीं निघाला व त्यानें अंतर ७.४२ सेकंदांत तोडलें. दुसरा नऊ शतांशांनीं निघाला, परंतु त्याची धांव ७.४० सेकंदांची झाली. अधिक वेगानें धांवला दुसरा, आणि जिंकला पहिला, कारण बेरीज पहिल्याची ७.४७ आणि दुसऱ्याची ७.४९. ताशी २९० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी या दोन शतांशांत सुमारें दीड मीटर पुढें जाते. गणिताच्या तासाला दशांश चिन्हाचा कंटाळा करणाऱ्या आमच्या कांहीं मित्रांनीं हें उदाहरण पुन्हां एकदां वाचावें!

अनुभवी स्वारांस आणखी एक कला साधलेली असते. पहिला किरण अडवून ते तसेच थांबतात, दुसऱ्या किरणांत लवकर जात नाहींत. शेजारचा नवखा मनुष्य इंजिन गरजत ठेवून वाट पाहतो, त्याचा हात क्लचवर ताठतो, चित्त विचलित होतें, आणि त्याच क्षणीं जुना खेळाडू शांतपणें पुढें सरकून दिवा लावून घेतो. नियमांत यास कांहीं मर्यादा आहे, पण ती पाळूनहि समोरच्यास अस्वस्थ करतां येतें. पदार्पण करणाऱ्या स्वाराची खरी परीक्षा होते ती या वाट पाहण्यांत.

यंत्राविषयीं थोडक्यांत सांगतों. बाहेरून ही गाडी दुकानांत मिळणाऱ्या मोटारसायकलीसारखी दिसावी असा नियम आहे, परंतु सांगाडा खास शर्यतीकरितां बनविलेला, लांब व जमिनीलगत असतो. ज्या काळाची हकीकत आम्ही सांगणार आहोंत त्या काळीं सुझुकीच्या चार सिलिंडरांच्या इंजिनावरून घडविलेलीं इंजिनें फार प्रचारांत होतीं. त्यांत पेट्रोलच घालावयाचें. हवा कोंबणारें यंत्र लावावयाचें नाहीं. तरीहि त्यांची शक्ति तीनशें अश्वशक्तींच्या आसपास जाई. मागील चाक चांगलें रुंद व गुळगुळीत. त्याच्या मागें एक लांब दांडा आणि त्यास लहान चाकें, नाहींतर सुटतांच गाडी मागल्या मागें उलटावयाची. स्वार टाकीवर पालथा पडून असतो, व गाडी निघाल्यावर दोन्ही पाय हवेंतून उचलून मागील आधारांवर ठेवतो. पहिले साठ फूट सव्वा सेकंदाच्या आंत जातात. त्या वेळीं पुढील चाक जमिनीस नुसतें शिवत असतें किंवा शिवतहि नसतें, म्हणून हँडलनें दिशा बदलेना. ती शरीराचा भार इकडून तिकडे टाकून राखावी लागते. गियर बटण दाबून हवेच्या दाबानें बदलतात. शेवटीं मोठ्या मोटारींस थांबविण्याकरितां हवाई छत्री उघडते तशी सोय येथें नाहीं, ब्रेकवरच भिस्त. स्वाराच्या अंगास एक दोरी बांधलेली असते, तो गाडीवरून पडला तर ती तुटून इंजिन बंद होतें.

अशा या वर्गांत १९९६ सालीं अँजेल सॅम्पी या बाई प्रथम उतरल्या. त्या लुइझियाना संस्थानच्या, जन्म १९७० चा. धंद्यानें त्या परिचारिका होत्या, आणि त्याहि अतिदक्षता विभागांत, जेथें मरणाच्या दारांतून रोगी परत आणावयाचे असतात. मोटारसायकलीची आवड त्यांस लहानपणापासून होती, व आपल्या भागांत हौशी शर्यतींतहि त्या धांवल्या होत्या. पुढें फ्रँक हॉली यांच्या ड्रॅग शर्यतीच्या शाळेंत त्या शिकावयास गेल्या. होय, अशीहि शाळा असते, आणि तिचे चालक हॉली हे १९८२ व १९८३ अशीं दोन वर्षें मोटारींच्या एका वर्गांतील विजेते होते. तेथें मोटारसायकलीचें शिक्षण जॉर्ज ब्राइस हे देत. जॉर्जिया संस्थानांतील अमेरिकस या गांवीं त्यांचा 'स्टार रेसिंग' नांवाचा संघ होता. त्यांनीं या विद्यार्थिनीचा हात पारखला आणि तिला आपल्या गाडीवर बसविलें.

हें वाचावयास सोपें आहे. परंतु एका तरुण स्त्रीनें इस्पितळांतील नियमित वेतनाची, समाजांत मानाची जागा मागें ठेवून अशा धंद्यांत पाऊल टाकावें, जेथें पुढील वर्षीं गाडी मिळेल कीं नाहीं हें पुरस्कर्त्यांच्या इच्छेवर अवलंबून असतें, यांत किती धोका होता याचा विचार वाचकांनीं करावा. शरीराचा धोका तर उघडच आहे, आणि वेगाच्या अपघातानंतर माणसाची काय दशा होते हें अतिदक्षता विभागांतील परिचारिकेस कोणीं सांगावयास नको. आमच्या मतें त्यांच्या पदार्पणांतील विशेष हाच. अज्ञानानें आलेलें धाडस पुष्कळांजवळ असतें. परिणाम रोज डोळ्यांनीं पाहून मग धरलेला धीर निराळ्या जातीचा.

नव्या स्वाराला एकदम स्पर्धेंत सोडीत नाहींत. प्रथम ठराविक धांवा करून दाखवाव्या लागतात, अनुभवी परवानाधारकांनीं त्या पाहून सही करावी लागते, तेव्हां परवाना मिळतो. स्पर्धेच्या ठिकाणीं आधीं पात्रतेच्या धांवा होतात व सर्वांत वेगवान सोळांस प्रवेश मिळतो. मग जोड्या लागतात; हरला तो घरीं गेला. सोळाचे आठ, आठांचे चार, चारांचे दोन. म्हणजे विजेत्यास एका दिवसांत चार वेळां त्या झाडासमोर उभें राहावें लागतें, आणि एकदां जरी हात लवकर सुटला तरी सारें फुकट. त्या वर्षीं समोर उभे राहणारेहि साधे नव्हते. डेव्ह शुल्ट्झ यांनीं १९८७ पासून पांच विजेतेपदें मिळविलेलीं होतीं आणि १९९६ चें सहावेंहि तेच घेऊन गेले. जॉन मायर्स हे १९९५ चे विजेते होते.

या मंडळींत सॅम्पीबाईंनीं पदार्पणाच्याच वर्षीं पेनसिल्व्हेनियांतील रेडिंगजवळच्या मेपल ग्रोव्ह येथें स्पर्धा जिंकली. पहिल्या हंगामांत पात्रता मिळाली तरी नवखे स्वार समाधान मानतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या जिंकण्याचें मोल कळतें.

त्यावर कुरकुर करणारेहि निघाले. बाई उंचीनें लहान व वजनानें हलक्या, म्हणून गाडी पळते, असा त्यांचा युक्तिवाद. हा आक्षेप अगदींच वेडगळ नाहीं, पण अर्धवट आहे. गाडी व स्वार मिळून अमुक एक किमान वजन भरलेंच पाहिजे असा नियम आहे. स्वार हलका असेल तर गाडीवर वजन बांधावें लागतें. फायदा एवढाच कीं, तें वजन पाहिजे त्या ठिकाणीं, जमिनीजवळ बसवितां येतें. उलट तोटा असा कीं, जी गाडी शरीराच्या भारानें सरळ ठेवावयाची, तिला वळविण्यास हलक्या स्वाराजवळ भारच कमी. ज्याला एकाच बाजूचा हिशेब मांडावयाचा असतो त्याला हें दिसत नाहीं.

जॉन मायर्स यांचा उल्लेख वर आला. ताशीं २९० किलोमीटरांच्या धांवा वर्षानुवर्षें सुखरूप करणारा हा मनुष्य १९९८ सालीं गेला, तो धांवपट्टीवर नव्हे, सार्वजनिक रस्त्यावर मोटारसायकलीच्या अपघातांत. वॉली पार्क्स यांनीं १९५१ सालीं पोरांना रस्त्यावरून कां हालविलें हें आम्हांस या एका बातमीवरून जितकें कळलें तितकें दुसऱ्या कशानें कळलें नाहीं. शुल्ट्झ हे २००१ सालीं कर्करोगानें वारले. ज्या दोघांकडे पाहून नवे स्वार शिकत ते असे पांच वर्षांच्या आंत नाहींसे झाले.

सॅम्पीबाईंनीं २०००, २००१ व २००२ अशीं ओळीनें तीन वर्षें विजेतेपद मिळविलें. या संस्थेच्या व्यावसायिक वर्गांत असें पद मिळविणाऱ्या त्या दुसऱ्या स्त्री; पहिल्या शर्ली मल्डाउनी, त्यांनीं १९७७ सालीं मोटारींच्या सर्वांत वेगवान वर्गांत तें मिळविलें होतें. पुढें सॅम्पीबाई कांहीं वर्षें खेळापासून दूर राहिल्या आणि २०१४ सालीं परत आल्या. तोंवर खेळ बदलला होता. अँड्र्यू हाइन्स यांनीं २००५ सालीं सात सेकंदांची मर्यादा मोडली होती. १९९६ मध्यें सव्वासात ते साडेसात सेकंद म्हणजे उत्तम धांव समजत, ती आतां पात्रतेलाहि पुरणारी नव्हती. म्हणजे अनुभवी असूनहि त्यांस एका अर्थीं नवखेंच व्हावें लागलें.

आपल्याकडे लोणावळ्यानजीकच्या आंबी व्हॅलीच्या विमानपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, आणि तेथें मोटारसायकलींचेहि वर्ग होते, ही गोष्ट जातां जातां सांगितली पाहिजे. त्या गाड्या बहुधा रस्त्यावरच्याच, थोड्याफार सुधारलेल्या. वर वर्णिलेल्या यंत्रांशीं त्यांची बरोबरी नाहीं. दिव्यांचा खांब मात्र तोच, आणि तांबडा दिवाहि तोच.

सॅम्पीबाईंनीं २०२४ सालीं मोटारसायकल सोडून चार चाकांच्या लांबलचक ड्रॅगस्टर मोटारींत बसावयास आरंभ केला. वयाच्या चौपन्नाव्या वर्षाच्या सुमारास, चाळीसांहून अधिक स्पर्धा जिंकलेल्या या बाईंना त्याकरितां पुन्हां नव्या परवान्याच्या धांवा कराव्या लागल्या, आणि त्यांवर दुसऱ्यांच्या सह्या घ्याव्या लागल्या.