कायम कोणाला करावे? रसायनशास्त्राच्या अध्यापकाची नेमणूक

ज्या गावाची सकाळ गिरणीच्या भोंग्यावर होत असे, त्या गावात ‘बदली’ आणि ‘कायम’ या दोन शब्दांचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बदली कामगार पहाटे गेटाशी उभा राही. कायमवाल्याचा खाडा पडला तर त्याला आत घेत, नाही तर तो आल्या पावली परत जाई. माग तोच, धोटा तोच, निघणारे कापडही तेच. पण एकाला पुढल्या महिन्याचा भरवसा असे आणि दुसऱ्याला संध्याकाळच्या भाकरीचाही नसे. गिरण्यांचे भोंगे बंद झाले, पण हे दोन शब्द काही गावातून गेले नाहीत. आमचे आजवरचे आयुष्य या दोहोंमधले अंतर कमी करण्याच्या खटपटीतच गेले आहे.

तेव्हा विद्यापीठात रसायनशास्त्राचा अध्यापक कसा नेमावा या विषयावर आम्ही बोलणार, हे कळल्यावर काही मित्र हसले. युनियनवाल्याचा प्रयोगशाळेशी काय संबंध, असे त्यांना वाटले. संबंध आहे, आणि तो आम्हांला एका तरुणाने दाखवून दिला. त्याची आई विडी कामगार, आमच्या सभांना येणारी. मुलगा रसायनशास्त्राचा एम.एस्सी., सेट उत्तीर्ण, पीएच.डी.चे काम अर्धेअधिक झालेले. एका महाविद्यालयात तो तासिका तत्त्वावर शिकवीत होता. एके दिवशी तो कचेरीत आला, तासांची नोंद असलेला कागद आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, “काका, दिवाळीची सुटी लागली की माझा पगार बंद, मे महिना आला की बंद. मी मास्तर आहे की बदलीवाला, एवढेच मला सांगा.” त्या कागदाकडे पाहताना आम्हांला गिरणीच्या हजेरीपटाचीच आठवण झाली. उत्तर देण्यापूर्वी हा विषय नीट समजून घ्यावा असे वाटले, आणि जे समजले ते आपल्यापुढे मांडीत आहोत.

प्रथम हे पाहू की या माणसाचे काम काय. संशोधन करणाऱ्या विद्यापीठातला रसायनशास्त्राचा अध्यापक तीन कामे करतो. तो वर्गात शिकवतो, संशोधक विद्यार्थी तयार करतो आणि स्वतःची प्रयोगशाळा उभी करून नवे ज्ञान मिळवतो. यातले तिसरे काम इतिहासाच्या किंवा भाषेच्या अध्यापकाहून फार खर्चाचे. त्याला विषारी वाफा ओढून नेणारे बंदिस्त कपाट हवे, शुद्ध द्रावके हवीत, पदार्थाची रचना ओळखणारी यंत्रे हवीत. प्रयोगशाळेवाचून रसायनज्ञ म्हणजे मागावाचून विणकर. हात कितीही कसबी असला तरी कापड निघणार नाही. म्हणून जगातली चांगली विद्यापीठे रसायनज्ञ नेमताना पगाराबरोबर जागा, यंत्रे आणि आरंभीचा निधी यांचाही करार करतात. नेमणूक म्हणजे नुसता हुकूम नव्हे, दोन्ही बाजूंनी दिलेला शब्द असतो.

आता ‘टेन्युअर ट्रॅक’ म्हणजे काय ते सांगतो. याचा सरळ अर्थ, कायम होण्याच्या वाटेवरची जागा. अमेरिकेत अध्यापकांची संघटना 1915 साली स्थापन झाली. तिने महाविद्यालयांच्या संघटनेबरोबर बसून 1940 साली एक निवेदन मान्य करून घेतले. त्यातले मुख्य तत्त्व असे की, परीक्षेचा काळ सात वर्षांहून अधिक नसावा. त्या मुदतीत माणसाचे काम तपासायचे. सहकारी तपासतात, बाहेरच्या विद्यापीठांतले जाणकारही लेखी मत देतात. पास झाला तर कायम. नापास झाला तर त्याला वेळेवर सांगायचे, म्हणजे तो दुसरीकडे वाट शोधील. वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवायचे नाही. ही वाट सोपी नव्हे. तिच्यावर पुष्कळ जण गळतात. पण तिला शेवट आहे आणि तो शेवट पहिल्या दिवशीच ठाऊक असतो. आम्ही कामगारांच्या भाषेत बोलायचे तर, टेन्युअर ट्रॅक म्हणजे तारीख घातलेले वचन आणि तासिका म्हणजे तारीख नसलेली आशा.

हे कायमपण कशासाठी? नुसत्या पोटासाठी नव्हे. अध्यापकाने खरे सांगावे आणि खरे सांगितले म्हणून त्याची भाकरी जाऊ नये, यासाठी. सोलापूरकरांना याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. आपली चादर आणि आपला टॉवेल रंगावर उभा आहे. 1994 साली जर्मनीने काही ॲझो रंगांवर बंदी घातली, कारण त्यांतून कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये सुटतात. पुढे भारतानेही 112 रंगांवर बंदी घातली. कोणता रंग घातक, कोणता निर्धोक, रंगकामाचे पाणी ओढ्यात सोडले तर विहिरीत काय उतरते, हे पुढाऱ्याच्या भाषणाने कळत नाही आणि आमच्या मोर्चानेही कळत नाही. ते प्रयोगशाळेत कळते. उद्या एखाद्या अध्यापकाने पाण्याचे नमुने तपासून अप्रिय निष्कर्ष काढला, तर तो जाहीर करण्याची छाती त्याला कोण देणार? ज्याची नेमणूक दर वर्षी कोणाच्या तरी मर्जीवर नवी होते, त्याच्याकडून या धैर्याची अपेक्षा करणे अन्याय आहे.

चांगली निवड काय करते याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. मुंबई विद्यापीठाने 1933 साली रासायनिक तंत्रशास्त्राचा विभाग काढला. जुनी मंडळी त्याला यू.डी.सी.टी. म्हणून ओळखतात, 2008 साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आरंभीच्या दोन शाखांपैकी एक होती कापडाच्या रसायनशास्त्राची, म्हणजे आपल्याच धंद्याची. तेथे 1934 साली डॉ. के. वेंकटरामन यांना घेतले. ते मूळचे मद्रासकडचे, मँचेस्टरला शिकलेले आणि लाहोरच्या महाविद्यालयात शिकवीत असलेले. 1938 साली ते संचालक झाले आणि 1957 साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक म्हणून गेले. कृत्रिम रंगांवरचा त्यांचा ग्रंथ 1952 पासून जगभर वाचला गेला. पुढे 1964 साली याच विभागाने मनमोहन शर्मा नावाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला एकदम प्राध्यापक केले. ते जोधपूरचे, केंब्रिजहून नुकतेच पीएच.डी. होऊन आलेले. त्यांच्या हाताखाली 1969 साली पीएच.डी. झाला तो गोव्यातल्या माशेलचा, मुंबईत गरिबीत वाढलेला एक मुलगा. त्यांचे नाव डॉ. रघुनाथ माशेलकर. एक नेमणूक बरोबर झाली की तिची फळे तीन पिढ्या पोचतात. निवडणाऱ्यांनी उमेदवाराचे गाव पाहिले नाही, वय पाहिले नाही; काम पाहिले आणि विश्वास टाकला.

आपल्याकडचे नियम याबाबत वाईट आहेत काय? मुळीच नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम आम्ही शब्दकोश शेजारी घेऊन वाचले. निवड समितीत कुलगुरू अध्यक्ष, कुलपतींनी नेमलेला एक विद्वान, विषयाचे तीन तज्ज्ञ, अधिष्ठाता आणि विभागप्रमुख. मागासवर्गीय, अल्पसंख्य, महिला किंवा अपंग उमेदवार असेल आणि समितीत त्या वर्गाचे कोणी नसेल, तर तसा एक सदस्य घ्यायचा. परीक्षेचा काळ एक वर्षाचा. काम असमाधानकारक असेल तर फार तर आणखी एक वर्ष. मुदत संपल्यावर 45 दिवसांत, काम तपासून, कायम केल्याचा हुकूम द्यायचा. कराराने नेमणूक अगदी गरज पडली तरच, आणि तीही एकूण पदांच्या दहा टक्क्यांपलीकडे नाही. करारवाल्याचा मोबदला नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक पगाराहून कमी नसावा. नियमित माणसाचे मूळ वेतनच सातव्या वेतन आयोगाप्रमाणे 57,700 रुपयांपासून सुरू होते. आमच्या कामगार करारांत एवढी स्पष्ट कलमे मिळवायला आम्हांला संप करावे लागले!

मग बिघडते कोठे? दाराशी बिघडते. पद मंजूर असते पण भरण्याची परवानगी येत नाही. परवानगी येते तर जाहिरात लांबते. आणि तोवर वर्ग तर चाललाच पाहिजे, म्हणून तासाच्या हिशोबाने माणूस घेतात. तो करारवालाही नसतो, म्हणून कराराचे संरक्षणही त्याला मिळत नाही. तात्पुरती सोय म्हणून जी सुरू झाली ती व्यवस्था होऊन बसते.

येथे आमच्यासारख्याला एक जुनी सवय फसवते. आम्ही म्हणतो, 240 दिवस भरले, आता कायम करा. मुंबई राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांत बदली कामगाराला हा आधार होता आणि त्यावर हजारो संसार उभे राहिले. परंतु सरकारी व विद्यापीठीय नोकरीत हा रस्ता फार अरुंद आहे. कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली सांगितले की, जाहिरात आणि रीतसर निवड यांवाचून मागल्या दाराने आलेल्याला नुसत्या वर्षांच्या बळावर कायम होण्याचा हक्क मिळत नाही. हा निकाल प्रथम वाचला तेव्हा आम्हांला राग आला. पुढे विचार केला तेव्हा त्याची दुसरी बाजू दिसली. मागले दार उघडे ठेवले तर त्यातून गरिबाचे पोर येण्याऐवजी वशिल्याचे पोर आधी येते. म्हणून झगडा करायचा तो शेवटी कायम करण्यासाठी नव्हे, तर आरंभी पुढले दार वेळेवर उघडण्यासाठी.

रसायनशास्त्रात तर हा उशीर दुप्पट घात करतो. तरुण शास्त्रज्ञाला आरंभीचा निधी देण्याच्या योजना देशात आहेत. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची अशी योजना दोन वर्षांसाठी 30 लाखांपर्यंत देत असे. 2023 च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने तरुण अध्यापकांसाठी तीन वर्षांना 60 लाखांपर्यंतची योजना काढली. पण अट अशी की अर्जदार नियमित पदावर हवा. म्हणजे पद नाही म्हणून निधी नाही, निधी नाही म्हणून प्रयोगशाळा नाही, प्रयोगशाळा नाही म्हणून शोधनिबंध नाहीत, आणि शोधनिबंध नाहीत म्हणून पुढल्या मुलाखतीत गुण कमी! कोष्ट्याला सूत द्यायचे नाही आणि वर विचारायचे, चादर कोठे आहे?

एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला पाहिजे. लोक म्हणतात, कायम झाला की माणूस आळशी होतो. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. कामचुकाराला पाठीशी घालण्याचे पाप आमच्या चळवळीकडूनही घडले आहे. पण त्यावर उपाय माणसाला जन्मभर बदलीवर ठेवणे हा नव्हे. परीक्षेच्या काळात खरी परीक्षा घेणे हा आहे. ती परीक्षा कागदाचे वजन करून होत नाही. उमेदवाराने विभागापुढे उघड व्याख्यान द्यावे, विद्यार्थ्यांपुढे एक पाठ घ्यावा, पुढील पाच वर्षे काय शोधणार ते सांगावे आणि जाणत्यांच्या प्रश्नांना तोंड द्यावे. आणि परीक्षा न्यायाची व्हायची तर त्याच्या हाती आधी साधने हवीत. बिघडलेल्या मागावर बसवून विणकराची परीक्षा घेत नाहीत.

2004 साली सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव धारण करते. विद्यापीठ आपले म्हणतो, तर त्याच्याविषयी विचारण्याचा अधिकारही आपला आहे. आपल्या मुलाला किंवा मुलीला कोठेही विज्ञानाला घालताना आपण फी विचारतो, वसतिगृह विचारतो. आणखी चार प्रश्न विचारीत जाऊ या. मंजूर पदे किती आणि भरलेली किती? शिकवणाऱ्यांत तासिकेवर किती? नव्या अध्यापकाला प्रयोगशाळा कोणत्या महिन्यात मिळाली? आणि परीक्षेची मुदत संपल्यावर त्याला हुकूम वेळेत मिळाला की नाही? हे प्रश्न राजकारणाचे नाहीत, घरातले आहेत. ते पुरेशा लोकांनी विचारले की कपाटातल्या फायली हलू लागतात, हा आमचा अनुभव आहे.

त्या तरुणाला आम्ही काय सांगितले? सांगितले, “बाळ, आज तू बदलीच आहेस. पण पीएच.डी. पुरी कर, आणि पुढले दार उघडले की ताठ मानेने आत जा. ते दार उघडायला लावणे हे आमचे काम.” हे काम एकट्या युनियनचे नाही, आपणा सर्वांचे आहे. जो गाव आपल्या रंगाऱ्याचा, विणकराचा हात ओळखतो, त्या गावाने आपल्या मास्तराचाही हात ओळखावा.