ख्रुश्चेवची पाच मजली घरं

युद्धानंतरच्या मॉस्कोत असंख्य कुटुंबं ‘कोमुनाल्का’त राहत. एका फ्लॅटमध्ये खोलीगणिक एक बिऱ्हाड, स्वयंपाकघर आणि संडास सामाईक. आपल्या चाळीत निदान चूल तरी ज्याची त्याची असे! ३१ जुलै १९५७ च्या ठरावाने ख्रुश्चेवच्या काळातल्या सोव्हिएत सरकारने घरटंचाई दहा-बारा वर्षांत संपवण्याचं ठरवलं. त्यासाठी घर बांधण्याऐवजी कारखान्यात ‘तयार’ होऊ लागलं. अभियंते वितालि लागुतेन्को यांच्या ‘के-७’ नमुन्यात काँक्रीटच्या भिंती ट्रकमधून येत आणि क्रेनने जोडल्या जात. मजले पाचच, कारण त्याहून उंच इमारतीला लिफ्ट लागली असती. छत ठेंगणं, स्वयंपाकघर जेमतेम सहा चौरस मीटर, भिंती इतक्या पातळ की शेजारचं भांडणही ऐकू यावं. पण दाराला कडी आपली होती, आणि माझ्या मते खरी क्रांती तीच. शाळा, पाळणाघर, दुकानं चालत जाण्याच्या अंतरावर आखलेली असत. या वसाहतींचा नमुना ठरलेल्या मॉस्कोतल्या चेऱ्योमुश्कीवर तर संगीतकार शोस्ताकोविचने विनोदी संगीतिका रचली; ती १९५९ मध्ये रंगमंचावर आली.

यातल्या बऱ्याच इमारती तात्पुरत्या म्हणून उभारल्या होत्या. मॉस्कोने त्या मोठ्या प्रमाणावर पाडण्याचा कार्यक्रम २०१७ मध्ये जाहीर केला, तेव्हा अनेक रहिवासी विरोधासाठी रस्त्यावर उतरले.