सेफ्टी रेझर

सेफ्टी रेझर हे दाढी करण्याचे साधन असून त्यात पात्याच्या धारेपुढे संरक्षक कड असते. या कडेमुळे उघड्या वस्तऱ्याच्या तुलनेत त्वचा खोलवर कापली जाण्याचा धोका कमी होतो. मात्र हीच कड धारेला त्वचेपासून थोडे दूर ठेवते. त्यामुळे अधिक तुळतुळीत दाढीसाठी या साधनाच्या रचनेत वेळोवेळी फेरबदल करण्यात आले आहेत.

इतिहास

अठराव्या शतकात झाँ-झाक पेरे या फ्रेंच कारागिराने लाकडी संरक्षक कड असलेल्या वस्तऱ्याची कल्पना मांडली. अमेरिकेतील काम्फे बंधूंनी १८८० मध्ये पेटंट घेतलेल्या रेझरच्या पात्याला मात्र पुनःपुन्हा धार लावावी लागे. किंग कॅम्प जिलेट यांनी पातळ, दुधारी व वापरून टाकून देण्याजोगे पाते प्रचारात आणले. १९०३ मध्ये त्यांच्या कंपनीचे केवळ ५१ रेझर विकले गेले. १९०४ मध्ये या रचनेला पेटंट मिळाले.

रचना

दुधारी पाते सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचे असते. ते वरचे टोपण व खालची बैठक यांच्यात दाबून वाकवले जाते. दाढी किती तुळतुळीत होईल हे पात्याच्या धारेबरोबरच तीन गोष्टींवर अवलंबून असते : धार व कड यांतील फट, धार कडेबाहेर किती डोकावते आणि धारेचा त्वचेशी होणारा कोन.

प्रमुख फेरबदल

* पट्टी घालणे : जुन्या पात्याच्या दोन्ही धारा काढून उरलेली पट्टी नव्या पात्याखाली ठेवली जाते. त्यामुळे पाते बैठकीपासून वर उचलले जाते व फट वाढते. हा घरगुती प्रयोगांतील सर्वांत सोपा प्रकार होय.
* दातेरी कड : सलग कडेऐवजी फणीसारखे दाते असतात. त्यांतून वाढलेले केस व फेस धारेपर्यंत पोहोचतात.
* तिरपे डोके : पाते किंचित पिळलेल्या स्थितीत बसते व केस तिरका कापला जातो.
* बदलती फट : दांड्याजवळील कडे फिरवून फट कमी-अधिक करता येते. जिलेट कंपनीने १९५८ मध्ये बाजारात आणलेल्या अशा रेझरवर १ ते ९ असे आकडे होते.

महाराष्ट्रातील वापर

महाराष्ट्रात पूर्वी दाढी प्रामुख्याने नाभिक व्यावसायिकांकडून करून घेतली जाई. धोकटीतील वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजला जाई. एकच वस्तरा अनेकांसाठी वापरल्यास रक्तावाटे पसरणारे रोग होण्याचा धोका असतो. एचआयव्हीविषयी जागृती वाढल्यावर पाते बदलता येणाऱ्या वस्तऱ्याचा प्रसार झाला. नाशिक जिल्ह्यातील वणीसारख्या बाजारगावांपासून मुंबईपर्यंतच्या केशकर्तनालयांत सेफ्टी रेझरचे दुधारी पाते मधोमध मोडून त्याचा अर्धा भाग अशा वस्तऱ्यात बसवतात. यात पाते सेफ्टी रेझरचे असले तरी संरक्षक कड नसते. ग्राहकाची सुरक्षितता कारागिराच्या हातावर आणि प्रत्येक वेळी नवे पाते वापरण्यावर अवलंबून असते.

पूर्वतयारी

पाणी शोषल्यावर केस मऊ होतो व तो कापण्यास कमी जोर लागतो. म्हणून चेहरा काही मिनिटे भिजवून ब्रशने फेस लावतात. कोरडी हजामत त्रासदायक ठरते. कडक खरडपट्टीसाठी मराठीत रूढ असलेला ‘बिनपाण्याने करणे’ हा वाक्प्रचार याच अनुभवावर आधारलेला आहे. दाढीनंतर तुरटी फिरवल्यास बारीक जखमांतील रक्त थांबण्यास मदत होते.

मर्यादा व धोके

फट किंवा धारेचे बाहेर डोकावणे वाढवल्यास कडेचे संरक्षण त्याच प्रमाणात घटते. अशा रेझरवर दाब दिल्यास त्वचा कापली जाते. पट्टी नीट न बसल्यास पाते वाकडे राहून एका बाजूची धार अधिक बाहेर येते. पट्टी कापतानाही बोटांना इजा होऊ शकते. अतिशय तुळतुळीत दाढी सर्वांना मानवत नाही : कुरळा केस त्वचेच्या पातळीखाली कापला गेल्यास तो आतच वाढून पुळ्या येऊ शकतात. अशा व्यक्तींनी केसांच्या वाढीच्या दिशेने, हलक्या हाताने दाढी करणे व किंचित खुंट राहू देणे हितकर ठरते.