64 फुटांचं छत, फूटभर मडकं

अजिंठ्याच्या 1 नंबरच्या लेण्यातला सभामंडप साधारण 64 फूट लांब आणि तेवढाच रुंद. त्यात 20 खांब. डोक्यावर जवळपास 4,000 चौरस फुटांचं छत, चौकटी पाडून रंगवलेलं: कमळं, हंस, फळं, झुंजणारे बैल. हे सगळं मडक्यावर उतरवायचं म्हटलं तर? फूटभर व्यासाच्या मडक्याचा घेर सव्वातीन फूटही भरत नाही. छताची नुसती एक कड त्याभोवती गुंडाळली, तरी 20 वेढे बसतील!

हा खटाटोप मुंबईत 1870 च्या दशकात खरंच झाला. जे. जे. कलाशाळेच्या जॉर्ज टेरींनी तिथे कुंभारकाम सुरू केलं. त्याच सुमारास, 1872 पासून, त्याच शाळेतले जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला उतरवत होते. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतलं ठळक नाव. 13 वर्षं, सुमारे 300 कॅनव्हास. सरासरी महिन्याला दोन. अंधाऱ्या लेण्यात हे करणाऱ्या पोरांची चिकाटी मला टेरींच्या कल्पकतेहून मोठी वाटते. त्यांनी टिपलेली नक्षी मडक्यांवर आली, वर सिंधी धाटणीची चकचकीत झिलई चढली आणि 1878 मध्ये ही भांडी पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली. त्या प्रदर्शनाला सव्वा कोटीहून अधिक माणसं आली होती.

कॅनव्हासांच्या नशिबी मात्र आग होती. रॉबर्ट गिल यांनी 1844 नंतर केलेल्या आधीच्या नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच वाचल्या. पुढे 1885 मध्ये लागलेल्या आणखी एका आगीत ग्रिफिथ्स यांच्या चमूच्याही शंभराच्या आसपास गेल्या. मडक्यांना आगीचं भय कसलं? ती भट्टीच्या शेकडो अंशांतून तावूनसुलाखून निघालेली. झिलईखालची रेघ दीडशे वर्षांनीही जागची हललेली नाही. कुठे रंग दाट, कुठे कुंचला कोरडा पडत गेलेला, सगळं दिसतं.

यांतली काही भांडी सुएझमार्गे अकरा हजारांहून अधिक किलोमीटर ओलांडून लंडनच्या संग्रहालयात पोहोचली. काही मुंबईतच, भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात आहेत. तेही 1872 मध्येच खुलं झालेलं. राणीच्या बागेत पोरांना नेणारे पुष्कळ. शेजारच्याच या इमारतीत तासभर काढाच.